दिवसभर कामावर चालणाऱ्या माणसाने घरी येऊन परत चालायचं का?

आकडेमोड

मंडळी, प्रश्न माझ्या नवऱ्याचा आहे, पण त्यात मीही आहे, म्हणून दोघांचंही सांगते.

मी हिशेब तपासणीचं काम करते. सकाळी खुर्चीत बसले की जेवायला आणि प्रिंटरपाशी जायला उठते, तेवढंच. वर्षअखेरीला तर तेही नाही. म्हणून पहाटे तासभर भरभर चालायची सवय लावून घेतली आहे आणि ती मी मोडू देत नाही. ते चालणं धरून दिवसाची पावलं सात-आठ हजारांच्या घरात जातात.

नवरा एका मोठ्या गोदामात माल काढायच्या कामावर आहे. हातातल्या स्कॅनरवर ऑर्डर येते, कुठल्या रॅकचा कुठला कप्पा ते दिसतं. तिथे जायचं, खोकं काढायचं, ट्रॉलीवर रचायचं, की लगेच पुढचा कप्पा. ट्रॉली भरली की ढकलत पॅकिंगच्या टेबलापर्यंत न्यायची. खालच्या कप्प्यासाठी वाकायचं, वरच्यासाठी हात डोक्याच्या वर न्यायचे. स्कॅनर वेळ मोजत असतो, त्यामुळे मध्ये थांबलेलंही नोंदलं जातं. त्याचं घड्याळ सोळा-सतरा हजार पावलांच्या खाली क्वचितच येतं.

वार्षिक तपासणीत माझा रक्तदाब व्यवस्थित निघाला, त्याचा थोडा वाढलेला. डॉक्टरांनी दोघांनाही एकच सल्ला दिला: रोज अर्धा तास चाला. तो तिथल्या तिथे म्हणाला, "डॉक्टर, मी दिवसभर चालतोच की." त्यावर "ते वेगळं, हे वेगळं" एवढंच उत्तर मिळालं. बाहेर रांग लागलेली होती, त्यामुळे पुढे विचारता आलं नाही.

वेगळं म्हणजे नेमकं कसं, हे मला समजून घ्यायचं आहे. ज्याची पावलं माझ्या दुपटीने पडतात त्याला आणखी चाल म्हणायचं, तर कारण ठोस हवं. घरी आल्यावर बूट काढण्याआधी त्याला जरा वेळ नुसतं बसून राहावं लागतं. अशा माणसाला "चल, एक चक्कर मारून येऊ" म्हणणं हिताचं आहे की त्याला आणखी दमवणं आहे? सुट्टीच्या दिवशी तो बहुतेक वेळ आडवा असतो. ती शरीराची गरज समजायची का? आणि कामावरची पावलं हृदयाच्या कामी येत नसतील, तर कुठली येतात?

वय पंचेचाळिशीच्या पुढे, सिगारेट नाही, साखर ठीक, वजन बेताचं. वेगवेगळी कामं करणाऱ्यांनी आपापलं सांगितलं तर फार बरं होईल.

तिसरी पाळी

ताई, मी वॉर्डात सिस्टर आहे. तुमच्या यजमानांचं दुखणं मला पायांपासून कळतं.

आमच्या पावलांचा आकडाही मोठा असतो, पण ती पडतात कशी ते बघा. नर्सिंग स्टेशनवरून निघायचं, शेवटच्या खाटेची सलाइन बदलायची, परत फिरायचं. अर्ध्या वाटेत कुणाच्या नातेवाइकाने हाक मारली की तिकडे वळायचं. एका वेगाने सलग चालले असं पाळीभरात होत नाही. धाप लागते ती चालून नाहीच. जड पेशंटला दोघींनी मिळून कुशीवर वळवताना, खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना लागते. त्या वेळी नकळत श्वास रोखला जातो, मान आणि कंबर ताठ होते, कानात ठोके ऐकू येतात. कुठलंही घड्याळ त्याला पाऊल म्हणून मोजत नाही, पण अंगातली ताकद तिथेच संपते.

पाळी संपताना मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ पोटरीवर उठलेला असतो. ऑपरेशन थिएटरमधल्या मैत्रिणींचं याहून अवघड. त्यांना एका जागी तासन्‌तास उभं राहावं लागतं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात, नुसतं उभं राहिलं की ते काम थांबतं. शिरा फुगण्याचा त्रास उभ्याने काम करणाऱ्यांत जास्त दिसतो तो यामुळे. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच कामधंद्यांच्या आजारांवर लिहिताना उभ्याने काम करणाऱ्यांच्या पायांच्या शिरांची नोंद केली होती, आणि दिवसभर बसून काम करणाऱ्या शिंपी-चांभारांना सुट्टीच्या दिवशी व्यायाम करायला सांगितलं होतं. नर्सिंगला असताना हे शिकले ते अजून डोक्यात आहे, कारण उभं राहणाऱ्याचा आजार वेगळा आणि बसणाऱ्याचा वेगळा, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

आडवं पडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती गरज आहे. रात्रपाळी उतरल्यावर मी आधी पाय भिंतीला वर टेकवून पडते, मग झोपते. फिरणं बिरणं त्या दिवशी नाही. पण सुट्टीचा अख्खा दिवस लोळून काढला, तर दुसऱ्या दिवशी कंबर जास्त आखडते, हेही खरं. म्हणून सुट्टीला संध्याकाळी सावकाश फिरून येते. तेव्हा मागून हाक मारणारं कुणी नसतं. कामावरच्या चालण्यात आणि या चालण्यात मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो.

सांधा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक अंगमेहनतीची कामं करणारे असतात, म्हणून या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या डॉक्टरांचं "ते वेगळं, हे वेगळं" खोटं नाही, पण त्यावरून दोघांना एकच सल्ला कसा निघतो, ते मला पटत नाही.

आधी कामावरच्या हालचालीच्या बाजूचा पुरावा. व्यायाम आणि हृदयविकार यांचा आधुनिक अभ्यास सुरूच झाला तो कामधंद्यांच्या तुलनेतून. लंडनमधले संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली वाहतूक कर्मचाऱ्यांची सुमारे ३१,००० जणांची आकडेवारी मांडली. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि त्याच बसचा कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी होता, झालाच तर उशिरा आणि कमी तीव्र. टपाल वाटणारे आणि टपालखात्यात बसून काम करणारे यांच्यातही तसाच फरक दिसला. मॉरिस यांचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशाची मापं तपासून दाखवलं की ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर मुळातच जास्त होता. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही, हे त्यांनी स्वतः पुढे आणलं. नंतर अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतल्या ६,३५१ कामगारांचा २२ वर्षं मागोवा घेतला. जड काम करणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी निघाले.

हे वाचून तुमचे यजमान म्हणतील, "बघ, मी म्हणत होतो." पण गोष्ट इथे संपत नाही.

२०२१ साली कोपनहेगनमधल्या १,०४,०४६ लोकांवरचा अभ्यास आला. फावल्या वेळात हालचाल जास्त तसा मृत्यूचा धोका कमी, आणि कामावर शारीरिक श्रम जास्त तसा धोका जास्त, असं चित्र त्यात निघालं. आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी या विसंगतीवर बरीच वर्षं काम करत आहेत. त्याच वर्षी नॉर्वेतला चार लाखांहून जास्त लोकांचा अभ्यासही आला. त्यात चालण्याची आणि उचलण्याची कामं करणारे पुरुष बैठ्या काम करणाऱ्यांपेक्षा थोडे जास्तच जगले. तेव्हा "कामावरचं चालणं वाईट" असा निकाल देऊन मोकळं होऊ नका. मेहनतीची कामं सहसा कमी पगाराची असतात, घरं आणि झोप बेताची असते, हा गुंता या आकड्यांत मिसळलेला आहे आणि तो पूर्ण सोडवून काढणं कठीण आहे.

मला जे पटतं ते असं. हृदयाला तंदुरुस्त करणारी हालचाल थोडा वेळ चालते, दम लागेल इतकी जोरात असते, आणि तिच्यानंतर पुरेशी विश्रांती मिळते. मिनिटाला साधारण १०० पावलांचा वेग धरला की चालणं मध्यम तीव्रतेचं होतं. तुमचं पहाटेचं चालणं नेमकं असं आहे. यजमानांची पावलं तुकड्यांत पडतात: चार पावलं, वाकणं, उचलणं, परत चार पावलं. ठोके फार वर जात नाहीत, पण पाळीभर खालीही येत नाहीत. त्यात सिस्टरांनी सांगितलं तसं उचलताना श्वास रोखला की रक्तदाब त्या क्षणापुरता झपकन वर जातो. हे दिवसातून शेकडो वेळा, आणि कधी थांबायचं ते त्यांच्या हातात नाही, स्कॅनरच्या हातात आहे. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात, मी तो सोडत नाही.

ग्लासगोतल्या १११ टपाल कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात, दिवसाला १५,००० च्या वर पावलं चालणाऱ्यांमध्ये कमरेचा घेर, चरबी, रक्तदाब वगैरे मिळून होणारी धोक्याची लक्षणं दिसली नाहीत. मग तेवढंच चालणाऱ्या तुमच्या यजमानांचं वेगळं का? पोस्टमन लांब पल्ले सलग चालतो, वेग बराचसा त्याचा तो ठरवतो, आणि वाटेत त्याची पिशवी हलकी होत जाते. गोदामातली ट्रॉली जड होत जाते. घड्याळाला दोन्हीकडे पावलंच दिसतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, संध्याकाळी चक्कर मारावी का? डेन्मार्कमध्ये ११६ सफाई कामगारांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना चार महिने आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास दम लागणारा व्यायाम दिला. त्यांची दमश्वासाची क्षमता सुधारली, पण चोवीस तास मोजलेला वरचा रक्तदाब सरासरी ३.६ अंकांनी वाढला. कामाचा ताण ज्यांच्यावर आधीच जास्त, त्यांच्यात वाढही जास्त. वाढलेल्या रक्तदाबाच्या आणि दमून आलेल्या माणसाला "आणखी चाल" सांगण्याआधी हा प्रयोग मला आठवतो.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो: पाळीच्या दिवशी संध्याकाळ विश्रांतीची. बूट काढा, पाय वर, जेवण, वेळेवर झोप. भरभर चालायचं ते सुट्टीच्या दिवशी आणि हलक्या पाळीच्या दिवशी, वीस-तीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. कामावर खोकं उचलताना श्वास सोडा. जड माल कंबर ते छाती या उंचीवर ठेवता येतो का, हे सुपरवायझरला विचारा. रॅकमधला एक बदल कधी कधी महिनाभराच्या व्यायामाहून जास्त देऊन जातो. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना पावलांचा आकडा सांगू नका, कामाचा तपशील सांगा: किती वजन, किती वेळा, मधली सुट्टी किती, पाळी कुठली. वाढलेल्या रक्तदाबाचा उपचार ठरवायला हे लागतं. औषध लागेल की नाही ते तेच ठरवतील, मी नाही.

तुमच्यासाठी वेगळं. तुमचा सकाळचा तास उत्तम आहे. दहा लाखांहून जास्त लोकांची आकडेवारी एकत्र करून २०१६ साली निघालेला निष्कर्ष असा होता की रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल केली, तर आठ तासांहून जास्त बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ पुसला जातो. तरी खुर्चीतून तासाला एकदा उठाच, पाठीसाठी.

लांबचा पल्ला

मी ट्रक चालवतो. वर ड्रायव्हरचा विषय निघाला म्हणून लिहितोय.

बसून काम म्हणजे आराम, असं घरच्यांनाही वाटतं. बसतो हे खरं, पण आरामात नाही. सीटमधून धक्के कमरेला बसत असतात, उजवा पाय तासन्‌तास एकाच कोनात, डोळे आरशावर. समोर कुणी अचानक आडवं आलं की छाती धडधडते आणि पाय जागचे हललेलेही नसतात. अंगाला दौडीला तयार करायचं आणि पळायचं मात्र नाही, असं दिवसातून कितीदा होतं. पावलं विचाराल तर गाडी चालती असली की जवळपास शून्य.

त्यामुळे मला सांधा यांच्या सल्ल्याच्या बरोबर उलटं करावं लागतं, आणि ते मी करतो. गाडी थांबली की आधी ट्रकभोवती चकरा. टायर हाताने बघायचे, ताडपत्रीचे दोर ओढून बघायचे, हौद्याचं कुलूप बघायचं. हे काम तसंही करायचंच असतं, मी ते पाय मोकळे होईपर्यंत करतो. मग पार्किंगच्या कडेने भरभर चालतो. केबिनमधून उतरताना उडी मारत नाही, पायरी धरून उतरतो, कारण आखडलेल्या गुडघ्यावर उडी फार वाईट. नव्या मुलांना मी हेच आधी शिकवतो.

ताई, तुमच्या यजमानांना माझ्यातर्फे सांगा, त्यांनी संध्याकाळी पाय वर करून पडावं. चालायची गरज तुम्हाला आणि मला आहे.

आकडेमोड

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. पिशवी हलकी होते आणि ट्रॉली जड होते, यावर तो थांबला आणि म्हणाला, परत वाच.

दोन शंका आहेत. एक, तो विचारतोय की रोज एवढं वजन उचललं जातं, तर ताकदीच्या व्यायामाचा काही उपयोग आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीबरोबर दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगितलाय ना? दुसरं, रक्तदाब घरी मोजायचा तर कधी मोजायचा? कामावरून आल्या आल्या मोजला तर जास्तच येणार असं वाटतं.

सांधा

उपयोग आहे. कामावर तेच स्नायू तेच काम तसंच करत राहतात, आणि ताकद वाढायला लागणारी विश्रांती त्यांना मिळत नाही. ताकद कमवायची ती अशासाठी की तेच खोकं त्यांच्या क्षमतेचा लहान हिस्सा व्हावं. श्रमविज्ञानात एक ढोबळ मर्यादा मानतात, की आठ तासांच्या कामात शरीराचा सरासरी प्राणवायू-वापर कमाल क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ नये. काम कमी करणं आपल्या हातात नसेल तर क्षमता वाढवणं हा एक मार्ग उरतो. पण तोही विश्रांतीच्या दिवशी आणि बेताने. त्यांच्यासाठी मी पाठीचे, मांड्यांचे आणि खांदे मागे ओढणारे व्यायाम निवडेन, कारण दिवसभर ते पुढे वाकलेले असतात. रक्तदाब आटोक्यात असल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत श्वास रोखून जोर लावायचा एकही व्यायाम नको.

ती १५० मिनिटं मोजताना कामावरची हालचालही धरलेली आहे, हे त्यांना जरूर सांगा. त्यांच्याकडे हालचालीची कमतरता नाही. विश्रांतीची आहे, आणि ती वाढवायला घरच्यांची मदत लागते.

तिसरी पाळी

मोजण्याचं मी सांगते, हे माझं रोजचं काम आहे.

आल्या आल्या नाहीच मोजायचा. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी एकदा, आणि रात्री झोपण्याआधी एकदा. त्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नाहीत. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. मोजताना बोलायचं नाही, तुम्हीही त्यांना काही विचारायचं नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

वहीत एक रकाना वाढवा: त्या दिवशी पाळी होती की सुट्टी. आठवडाभराची नोंद झाली की ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ मागून घ्या, म्हणजे गोदामातल्या कामाचं नीट सांगता येईल.